ऐंशीच्या भावाचा घोडा: एका डर्बीचा सांगलीत मांडलेला हिशेब

७ मे २०२२ ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली घोड्यांची मोठी शर्यत, रिच स्ट्राइक नावाच्या घोड्याने जिंकली तेव्हा त्याचा भाव ८० ला १ होता, म्हणजे एका डॉलरवर ऐंशी डॉलर नफा. विनच्या, म्हणजे घोडा पहिला येईल या पैजेच्या, दोन डॉलरच्या तिकिटावर १६३ डॉलर ६० सेंट मिळाले. डर्बीत याहून मोठ्या भावाचा घोडा एकदाच जिंकलाय, १९१३ साली डोनरेल, ९१ ला १. निकाल लागल्यावर रेसच्या नादातली माणसं दोन बाजूंना झाली. एकांचं म्हणणं, हा निव्वळ जुगार आहे, अभ्यास-बिभ्यास सगळं थोतांड. दुसऱ्यांचं म्हणणं, नीट बघणाऱ्याला घोडा आधीच दिसत होता. मला दोन्ही पटत नाही. शर्यतीच्या आधी सांगलीत एका कंपूने वीस घोड्यांतून दावेदार निवडायला जो कागद तयार केला होता, तो माझ्याकडे आहे. आधी लिहिलेला असल्यामुळे त्यात मागाहूनचं शहाणपण घुसडता येत नाही. म्हणून हे प्रकरण त्याच कागदावरून मांडतो.

कंपू असा. अण्णा हळदीचे अडते, मार्केट यार्डात त्यांची पेढी. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम लागला की जुलै ते ऑक्टोबर त्यांचे बरेच रविवार रेसकोर्सवर जातात. डॉक्टर मिरजेचे, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त. तात्या विट्याकडचे, त्यांना थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीच्या, घोड्यातलं काही कळत नाही असं ते स्वतःच सांगतात, पण बैलगाडीच्या शर्यती त्यांनी उभ्या आयुष्यात सोडल्या नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून तर ते घरी कमी आणि मैदानावर जास्त असायचे. आणि मी, तक्ते भरणारा.

पैसे लावण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे रेसकोर्सवरचं बेटिंग कौशल्याचा खेळ म्हणून कायद्यात बसतं, सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकालच आहे. पण सांगलीत बसून अमेरिकेच्या पूलमध्ये, म्हणजे तिथल्या पैजांच्या एकत्र गल्ल्यात, पैसे टाकणं त्यात येत नाही. त्यामुळे सगळा व्यवहार कागदावरचा. अण्णांना हे सुरुवातीला फार मिळमिळीत वाटलं. नंतर तेच म्हणाले की खिशाला झळ नसली की डोकं जास्त चालतं.

डर्बीच का? कारण निवड करायला याहून अवघड शर्यत सापडणं कठीण. पुण्यातल्या रविवारच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात: चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमी प्रतीच्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळे एकत्र यावेत असा अधिकाऱ्यांचाच प्रयत्न. डर्बीत ती भानगड नाही. सगळे तीन वर्षांचे, नर घोडा असेल तर प्रत्येकावर १२६ पौंड, म्हणजे साधारण ५७ किलो. अंतर दहा फर्लांग, आपल्या मापात २००० मीटरला थोडं वर, आणि हे अंतर त्यातला जवळपास प्रत्येक घोडा आयुष्यात पहिल्यांदाच पळतो. शिवाय गर्दी. वीस घोडे एका ओळीत सुटतात, अमेरिकेत बाकी कुठल्याच मोठ्या शर्यतीत एवढे नसतात. कुणाला आत चेपलं जाणार, कुणाला बाहेरून लांबचा फेरा पडणार, हे घोड्याच्या गुणावर ठरत नाही.

तरीही इतिहास बघितला तर चित्र फार गोंधळाचं नव्हतं. २०१३ पासून डर्बीत प्रवेश गुणांवर मिळतो. ठरावीक स्टेक्स, म्हणजे वरच्या दर्जाच्या, शर्यतींत वरचा नंबर आला की गुण. त्यापूर्वी बक्षिसाची कमाई मोजत, आणि त्या दाराने कमी अंतराचे सुसाट घोडेही आत यायचे. गुणांची पद्धत आल्यावर ते कमी झाले, सुरुवातीचा वेग आवरता राहू लागला, आणि पुढे राहून पळणाऱ्या चांगल्या घोड्यांचं फावलं. २०१३ ते २०१८ सलग सहा वर्षं फेव्हरिटच, म्हणजे ज्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेले तोच, जिंकला: ऑर्ब, कॅलिफोर्निया क्रोम, अमेरिकन फेरो, नायक्विस्ट, ऑल्वेज ड्रीमिंग, जस्टिफाय. अण्णांच्या डोक्यात हेच पक्कं बसलेलं होतं. "डर्बीत पुढं असणारा चांगला घोडा घ्या आणि गप बसा," हा त्यांचा पहिल्या बैठकीतला निकाल.

पहिली चाळण

आमचा कागद नेहमीच्या क्रमाने चालला. आधी दर्जा: शेवटची मोठी शर्यत कोणती, तीत कितवा नंबर, समोर कोण होते. मग वेगाचा आकडा. अँड्र्यू बायर या रेसिंग वार्ताहराच्या नावाने ओळखले जाणारे आकडे अमेरिकन तक्त्यांत प्रत्येक धावेपुढे छापलेले असतात. ट्रॅक त्या दिवशी जलद होता की मंद, याचा हिशेब करून घड्याळातली वेळ एका आकड्यात बसवलेली असते. मग अंतर झेपेल का, म्हणजे वंश. मग ट्रेनर, जॉकी, सुटण्याची जागा.

दर्जाच्या रांगेत वरची नावं डर्बीआधीच्या मोठ्या शर्यतींवरून लगेच आली. एपिसेंटर, लुइझियाना डर्बी जिंकलेला, ट्रेनर स्टीव्ह अ‍ॅस्मुसेन. झँडन, ब्लू ग्रासमध्ये मागून येऊन जिंकलेला. मो डोनेगल, वुड मेमोरियलचा विजेता. व्हाइट अबॅरिओ, फ्लोरिडा डर्बी. सायबरनाइफ, आर्कान्सा डर्बी. तैबा, सँटा अनिता डर्बी, आणि तिथेच दुसरा आलेला मेसियर. जपानचा क्राउन प्राइड, दुबईत यूएई डर्बी जिंकून आलेला.

तैबावर सर्वांत जास्त वेळ गेला. घोडा दोनच धावा पळलेला, दोन्ही जिंकलेल्या, वेगाचे आकडे वरच्या रांगेतले. त्याचे मूळ ट्रेनर बॉब बॅफर्ट तेव्हा निलंबित होते, म्हणून तो आणि मेसियर टिम याक्टीन यांच्या नावावर पळणार होते. दोनच धावांच्या अनुभवावर डर्बी जिंकलेला शेवटचा घोडा १८८३ चा. अण्णा म्हणाले, आकडे बोलतायत तर ऐका. डॉक्टरांचा आक्षेप वेगळा होता आणि मला तो जास्त पटला. तीन वर्षांच्या जनावराचा सांगाडा अजून भरत असतो, फुप्फुस तयार असलं तरी गर्दीत शेजारच्याचा धक्का खाऊन परत लय पकडणं हे शिकावंच लागतं, आणि ते शिकायला धावा लागतात. तैबाला ठेवलं, पण खालच्या ओळीत.

वंशाच्या रकान्यात फार वेळ घालवला नाही. वीसपैकी बहुतेकांच्या रक्तात कुठे ना कुठे लांब पल्ला निघतोच. ज्याला जे दाखवायचं ते दाखवता येतं.

सुटण्याच्या जागेवरून मात्र मो डोनेगल खाली गेला. त्याला एक नंबरची, अगदी आतल्या कठड्याची जागा होती, आणि १९८६ च्या फर्डिनंडनंतर तोवर त्या जागेवरून कुणी जिंकलं नव्हतं. याउलट सर्वांत बाहेरची विसावी जागा लोकांना वाटते तेवढी वाईट नाही. २००८ मध्ये बिग ब्राउन तिथूनच जिंकला.

या चाळणीत सिम्प्लिफिकेशन, बार्बर रोड, टॉनी पोर्ट, हॅपी जॅक, पायोनियर ऑफ मेडिना, समर इज टुमॉरो असे बरेच घोडे "दर्जा कमी" म्हणून कटले. लाल रेघ मारली आणि विषय संपला. ही लाल रेघ लक्षात ठेवा, प्रकरणाची मेख तिथेच आहे.

तात्यांचा प्रश्न

दुसऱ्या बैठकीत तात्या आले. तोवर आमच्या कागदावर नऊ-दहा नावं उरली होती आणि आम्ही त्यांचे क्रम लावत बसलो होतो. तात्यांनी आदल्या शर्यतींचे व्हिडिओ बघायला मागितले. आकडे त्यांना नको होते. दोन-तीन शर्यती बघून झाल्यावर म्हणाले, "आरं, ही मागची घोडी मुद्दाम मागं ठेवल्यात का?"

त्यांना हे नवीन होतं. विटा, खानापूर, माण, खटाव या पट्ट्यात बैलगाडीची शर्यत सरळ मैदानावर होते. प्रत्येक जोडी आपल्या चाकोरीत, झेंडा पडला की शेवटपर्यंत जीव तोडून पळायचं. गट, सेमी, फायनल असं दिवसभर चालतं, त्यामुळे दम राखायचा तो दोन फेऱ्यांच्या मध्ये, फेरीच्या आत नाही. घोड्यांच्या लांब शर्यतीत दम फेरीच्या आतच राखावा लागतो आणि तो राखण्याचं काम जॉकीचं. आम्हाला हे माहीत होतं, इतकं की त्याकडे बघायचंच आम्ही सोडून दिलं होतं.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "ह्या वीसातली पुढं पळणारी किती?"

मोजले. समर इज टुमॉरो दुबईत सुरुवातीपासून पुढे पळालेला. क्राउन प्राइड त्याच्या मागोमाग. मेसियर पुढचा, तैबा पुढचा, क्लासिक कॉजवे पुढचा, झोझोस पुढचा, व्हाइट अबॅरिओ पुढच्या तुकडीत. एपिसेंटरही आधीची एक स्टेक्स शर्यत आघाडीवर राहून जिंकलेला, पण लुइझियाना डर्बीत तो मागे बसून मग पुढे आला होता, म्हणजे त्याला दोन्ही जमत होतं. "सगळीच पुढं पळणार म्हटल्यावर शेवटाला दम कुणात ऱ्हाणार?" तात्या म्हणाले, आणि तंबाखू मळायला लागले.

सहा वर्षांचा फेव्हरिटचा इतिहास ज्या कारणावर उभा होता ते कारणच या वर्षी नव्हतं. सुरुवात सौम्य असेल तर पुढचा घोडा शेवटी तग धरतो. सुरुवात भडक झाली तर पुढच्यांची दाणादाण उडते आणि मागून येणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. रेसिंगमध्ये याला पेस म्हणतात. शर्यतीचा आकार म्हटलं तरी चालेल. घोड्याचा वेगाचा आकडा तो घोडा एकटा किती चांगला हे सांगतो. या वीस जणांत मिळून तो कसा पळेल, हे त्यातून कळत नाही.

अण्णांनी तिथल्या तिथे आपला निकाल फिरवला, हा त्यांचा मोठेपणा. कागदावर झँडन पहिला आला, कारण तो मागून येणारा आणि दर्जेदारही. एपिसेंटर दुसरा. मो डोनेगल जागेची अडचण धरून तिसरा. तैबा, मेसियर, व्हाइट अबॅरिओ खाली सरकले.

इथे कागद बरोबर चालला होता. फक्त एक गोष्ट कुणी केली नाही. शर्यतीचा आकार मागून येणाऱ्यांना धार्जिणा आहे हे कळल्यावर, लाल रेघ मारलेली नावं परत उघडून बघायला हवी होती. त्यातला कोण मागून येणारा आहे आणि त्याला दर्जाच्या रकान्यात जी शिक्षा झाली ती या आकाराच्या शर्यतीत तेवढीच लागू आहे का, हे तपासायला हवं होतं. चाळण आधी झाली होती, आकार नंतर कळला, आणि आकाराचा उपयोग फक्त उरलेल्यांचा क्रम बदलायला झाला.

शुक्रवारची संध्याकाळ

रिच स्ट्राइक तोवर शर्यतीतच नव्हता. वीस जागा भरलेल्या, तो राखीव यादीत. नाव मागे घेण्याची मुदत शुक्रवारी तिथल्या सकाळी नऊपर्यंत, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा. मुदत संपता संपता ट्रेनर डी. वेन लुकस यांनी आपला ईथिरियल रोड मागे घेतला आणि रिच स्ट्राइकला विसावी जागा मिळाली.

आमच्या कागदावर ईथिरियल रोडपुढे आधीच लाल रेघ होती. तिथे नाव बदललं, रेघ तीच राहिली. एवढाच त्या घोड्याचा आमच्याकडे झालेला अभ्यास.

नंतर डॉक्टरांनी त्याचा तक्ता काढून आमच्यापुढे ठेवला तो असा. सात धावा, विजय एक. तो विजय सप्टेंबर २०२१ मधला, क्लेमिंग शर्यतीतला. क्लेमिंग म्हणजे शर्यतीत उतरलेला घोडा ठरलेल्या किमतीला दुसरा मालक घेऊन जाऊ शकतो. मूळ मालक कॅल्युमेट फार्म, आणि ट्रेनर एरिक रीड यांच्या तबेल्याकडे तो ३०,००० डॉलरला आला. ज्या डर्बीचं त्या वर्षी एकूण बक्षीस तीस लाख डॉलर, तिथे तीस हजारांचा घोडा. त्याच्या शेवटच्या तीन धावा टर्फवे पार्क रेसकोर्सच्या कृत्रिम पृष्ठभागावरच्या, डर्बी मातीवर. जॉकी सॉनी लिओन, छोट्या ट्रॅकवर पळणारा, डर्बीत पहिल्यांदाच. इथवर वाचून कुणीही रेघ मारेल आणि मारावीच.

पण त्याच तक्त्यात आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. तो एकमेव विजय मातीवरचा, डर्बी जिथे होते त्या चर्चिल डाउन्सवरचाच, एक मैलाचा, आणि सतरा लांब्यांहून (लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जास्त फरकाने. टर्फवेच्या जेफ रुबी स्टेक्समध्ये तो तिसरा, मागून येत. बाप कीन आइस, ज्याने २०१५ मध्ये ट्रॅव्हर्स स्टेक्समध्ये अमेरिकन फेरोला हरवलं होतं, तेही सव्वा मैलावर, म्हणजे डर्बीच्याच अंतरावर.

म्हणजे दिसत होता की नव्हता? माझं मत: जिंकणारा म्हणून दिसत नव्हता, आणि दिसत होता म्हणणाऱ्यांनी शर्यतीच्या आधीचा कागद दाखवावा. चर्चिल डाउन्सवर कमी दर्जाच्या क्लेमिंग शर्यतीत धो धो जिंकलेले घोडे शेकड्याने सापडतील. पण भडक सुरुवात होणार असेल तर मागून येणाऱ्या प्रत्येकाला थोडी थोडी संधी असते आणि हा त्यातला एक, हे मात्र दिसण्यासारखं होतं.

भाव

इथे अण्णांचा धंदा उपयोगी पडला. हळदीच्या सौद्यात अडत्या पोत्यातलं हळकुंड मोडून बघतो, आतला रंग बघतो, आणि तरीही त्याचा शेवटचा प्रश्न माल चांगला का वाईट हा नसतो. या भावाला घ्यावा का, हा असतो. घोड्याचंही तेच. जिंकण्याची शक्यता आणि बाजाराने लावलेला भाव या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय निवड पुरी होत नाही.

पूलवरच्या भावातून लोकांचं मत मोजता येतं. विनच्या पूलमधून चर्चिल डाउन्स १७.५ टक्के आधीच कापून घेतं, उरलेले ८२.५ टक्के विजेत्या तिकिटांत वाटले जातात. रिच स्ट्राइकच्या तिकिटावर एका डॉलरला ८१.८० मिळाले, ८२.५ ला ८१.८ ने भागलं की येतं एक. म्हणजे शंभर डॉलरपैकी जेमतेम एक डॉलर त्याच्यावर होता. एपिसेंटर ४ ला १ च्या थोडा वर सुटला, त्याच्यावर शंभरातले सोळा. झँडन ६ ला १ च्या आसपास, त्याच्यावर अकरा-बारा.

आमच्या कागदावर झँडनला शंभरात अठरा आणि एपिसेंटरला सतरा दिले होते. म्हणून कागदी पैसा झँडनवर. एपिसेंटर तितकाच चांगला, पण भावात काही उरत नव्हतं. लाल रेघवाल्यांना मात्र शून्य. आकडेवारीच्या दृष्टीने हे सर्वांत मोठं पाप, आणि ते आम्हीच नाही, रेसकोर्सवर जाणारे सगळेच करतात. दहा-अकरा घोडे कापले की ते हिशेबातूनच जातात. पण त्या प्रत्येकाला शंभरात एक धरला तरी सगळ्यांचे मिळून दहा-अकरा होतात. म्हणजे सरासरीने दर नऊ-दहा डर्बींत एकदा कापलेल्यांपैकी कुणीतरी जिंकणार. २०१९ मध्ये पहिला आलेला मॅक्सिमम सिक्युरिटी बाद ठरून ६५ ला १ चा कंट्री हाउस विजेता झाला होता, त्याला तीनच वर्षं झाली होती.

शर्यत

भारतीय वेळेने रविवारी पहाटे ४ वाजून २७ मिनिटांची शर्यत. तात्या सोडून सगळे जागे होते.

पहिला पाव मैल २१.७८ सेकंदांत गेला, डर्बीत तोवरचा सर्वांत वेगवान. अर्धा मैल ४५.३६. पुढे समर इज टुमॉरो, त्याला भिडलेला क्राउन प्राइड. डॉक्टर एवढंच म्हणाले, "गेली." पुढची तुकडी गेली, हा अर्थ. वळणावर मेसियर पुढे सरला आणि तोही विरला. एपिसेंटरला जॉकी जोएल रोझारिओने शहाणपणाने मागे धरलं होतं. सरळ रस्त्याला लागताना तो बाहेरून आला आणि पुढे झाला, त्याच्या खांद्याला झँडन. आमच्या कागदावरचे पहिले दोन घोडे शेवटच्या फर्लांगात एकमेकांशी झुंजत होते. समालोचकाचंही सगळं लक्ष त्या दोघांवर.

रिच स्ट्राइक अर्ध्या मैलाला अठरावा होता. विसाव्या जागेवरून सुटून सॉनी लिओनने त्याला कधीच आतल्या कठड्याला घेतलं होतं, त्यामुळे फेरा वाचला. सरळ रस्त्यावर समोर दमलेला मेसियर आडवा. लिओनने घोडा बाहेर काढला, मेसियरला वळसा घातला आणि पुन्हा आत कठड्याला आणला. वरून घेतलेल्या चित्रणात हे बघण्यासारखं आहे. एक घोडा बाकीच्यांमधून सुईसारखा निघतो. पाऊण लांबीने जिंकला. एकूण वेळ दोन मिनिटं २.६१ सेकंद. एपिसेंटर दुसरा, झँडन तिसरा.

जिंकल्यावर परत आणायला आलेल्या घोडेस्वाराच्या घोड्याला त्याने चावे घेतले, तेही अनेक. डॉक्टरांना शर्यतीपेक्षा हे जास्त आवडलं. म्हणाले, एवढं पळून ज्याच्या अंगात भांडायला ताकद उरते, त्याने आज पुरी ताकद लावलेली नाही.

निकालाचा उलटा तपास

आता पुरा निकाल कागदाशेजारी ठेवू. सुरुवातीला पुढे असलेले: क्राउन प्राइड तेरावा, मेसियर पंधरावा, समर इज टुमॉरो शेवटचा. तैबा बारावा, व्हाइट अबॅरिओ सोळावा. चौथा सिम्प्लिफिकेशन, पाचवा मो डोनेगल, सहावा बार्बर रोड, सातवा टॉनी पोर्ट. चौघेही त्या दिवशी मागून आलेले. यातल्या तिघांवर आमची लाल रेघ होती, विजेत्यावर तर होतीच. आणि ज्यांना दर्जाच्या जोरावर ठेवलं ते तैबा, मेसियर, अबॅरिओ पहिल्या दहातही नाहीत.

ते घोडे वाईट होते असं म्हणावं, तर तेही नाही. तैबाने त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया डर्बी जिंकली. डर्बीत अठरावा आलेल्या सायबरनाइफने हॅस्केल जिंकली. व्हाइट अबॅरिओने २०२३ मध्ये ब्रीडर्स कप क्लासिक घेतली. एपिसेंटर पुढे ट्रॅव्हर्स जिंकून त्या वर्षीचा सर्वोत्तम तीन वर्षांचा घोडा ठरला. दर्जाचं आमचं मोजमाप खोटं नव्हतं. त्या एका दिवशी, त्या आकाराच्या शर्यतीत, ते कमी कामाचं होतं.

अण्णांचं म्हणणं अजूनही असं की पहिले दोन-तीन बरोबर ओळखले, बाकी नशीब. मी एवढ्यावर सोडत नाही. पेसचा अंदाज खरा ठरला, तो इतका नेमका की शर्यतीचे पहिले टप्पे कागदावरून वाचून दाखवावेत. मग त्या अंदाजातून निघणारा पुढचा निष्कर्ष, म्हणजे खालच्या दर्जाच्या मागून येणाऱ्यांनाही आज एरवीपेक्षा जास्त संधी, तो कागदावर उतरायला हवा होता. तसा उतरला असता तर रिच स्ट्राइक पहिला आला नसता. झँडन आणि एपिसेंटरच वर राहिले असते. फक्त त्या चार-पाच घोड्यांपुढे शून्याऐवजी दोन-तीन असे आकडे आले असते, आणि ८० ला १ च्या भावापुढे शंभरात दोन म्हणजे अण्णांच्या भाषेत डोळे मिटून घ्यायचा माल. पहिला रिच स्ट्राइक, दुसरा एपिसेंटर अशा पहिल्या दोघांच्या अचूक क्रमाला दोन डॉलरला ४,१०१ डॉलर मिळाले, ते वेगळंच.

यावर डॉक्टरांची हरकत रास्त आहे: एका शर्यतीवरून काय सिद्ध होतं? म्हणून पुढच्या शर्यतीही बघितल्या. मालकांनी रिच स्ट्राइकला प्रीकनेसमध्ये उतरवलंच नाही. जूनमधल्या बेलमाँट स्टेक्समध्ये घोडे आठच, पुढे पळायची झुंबड नव्हती, पहिले टप्पे डर्बीसारखे भडक नव्हते. रिच स्ट्राइक सहावा आला. जिंकला मो डोनेगल, डर्बीत ज्याला कठड्याची जागा नडली होती. त्यानंतर रिच स्ट्राइक मोठ्या शर्यतींत चांगला पळाला, एकदा दुसरा, दोनदा चौथा आला, पण पुन्हा कधी जिंकला नाही.

पुढच्या हंगामासाठी कागदाचा क्रम बदलला. आता पहिला रकाना पेसचा: पुढचे किती, मधले किती, मागचे किती. दर्जाची चाळण त्यानंतर, आणि तीही तुकडीवार, म्हणजे मागून येणाऱ्यांची तुलना मागून येणाऱ्यांशी. लाल रेघ बंद; प्रत्येक नावापुढे आकडा घालायचाच, अर्धा का होईना. राखीव यादीतल्या घोड्यांचे तक्ते आधीच भरायचे. पुण्याच्या शर्यतींत हे कितपत चालेल याबद्दल अण्णा साशंक आहेत, कारण तिथे घोडे कमी आणि सुरुवात बहुधा आवरती. तात्यांनी नवा कागद हातात घेऊन बघितला आणि विचारलं, ह्यात जॉकीचा रकाना एवढा बारका का ठेवलाय.